बुलेटचंच आहे, घ्या!

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी ताडपत्र्या अंथरून लोखंड मांडलेलं असतं. नळाच्या तोट्या, कुलपं, पाने, पंख्यांची पाती आणि मधूनच एखाद्या मोटारसायकलच्या पोटातला काळाकुट्ट तुकडा. तो उचलून विक्रेत्याला विचारायचं, "हे कशाचं?" उत्तर ठरलेलं असतं. "बुलेटचंच आहे साहेब, घ्या." एकदा मी मुद्दाम शिलाई मशीनचं शटल उचललं होतं. तेही बुलेटचंच निघालं.

त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो वजनावर माल घेतो आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर विकतो. फसायचं की नाही हे आपल्या हातात. अशाच एका दिवशी मी साठ रुपये मोजून जे घेतलं ती बोटभर लांबीची एक पोलादी कांडी होती. एका टोकाला ती अर्धी तासून सपाट केलेली, उभ्या चिरलेल्या खडूसारखी. मधे गोल फिरणारी एक बारीक खाच. दुसऱ्या टोकाला आटे, आणि त्या टोकावर नटाने आवळलेला करंगळीच्या दोन पेरांएवढा एक हात. हाताच्या टोकाला फट. नाव नाही, नंबर नाही.

अशा तुकड्याची ओळख पटवायची कशी, हे या प्रकरणात सांगायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, आणि ते बऱ्यापैकी पैसे घालवून बनलेलं आहे. तुकड्यावर कोरलेलं नाव ही सगळ्यांत कच्ची साक्ष. त्याहून पक्की त्याची मापं. सगळ्यांत पक्की त्याच्यावरची झीज. आपण मात्र नेमके उलट्या क्रमाने जातो. आधी नाव वाचतो, वाचून खूश होतो, आणि तिथेच थांबतो.

नाव कच्चं का, ते बघा. जुनी ब्रिटिश मोटारसायकल म्हणजे मुख्यतः बर्मिंगहॅमच्या आसपासच्या कारखान्यांचं एकत्र कुटुंब होतं. टाकीवर नाव एकाचं, पण कार्ब्युरेटर अमालचा, मॅग्नेटो आणि दिवे लुकासचे, स्पीडोमीटर स्मिथ्सचा. गिअरबॉक्स बर्मनचा असेल तर गाडी एरियल असू शकते, मॅचलेस असू शकते, पँथरही असू शकते. अल्बियनचा असेल तर रॉयल एन्फिल्डकडे बोट जातं, पण अल्बियनने इतरांनाही गिअरबॉक्स विकले. आणि व्हिलियर्सची टूस्ट्रोक इंजिनं तर फ्रान्सिस-बार्नेट, जेम्स, ग्रीव्हज अशा कितीतरी गाड्यांत बसायची. केसिंगवर 'व्हिलियर्स' वाचून गाडी सांगणं म्हणजे आडनाव कुलकर्णी आहे एवढ्यावर घर शोधायला निघणं.

तरी या पुरवठादारांच्या आकड्यांतून बरंच काढता येतं. अमाल ही कंपनीच मुळी १९२७ मध्ये अ‍ॅमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन कार्ब्युरेटरवाल्यांच्या एकत्र येण्यातून झाली. तिच्या बॉडीवर २७६ असेल तर फ्लोटची वाटी वेगळी असलेली जुनी जात. ३७६ असेल तर १९५५ नंतरची मोनोब्लॉक, जिच्यात वाटी बॉडीतच ओतलेली आहे. ६२६ किंवा ९३० असेल तर १९६७ पासूनची कॉन्सेन्ट्रिक, आणि इथे शेवटचे दोन आकडे सरळ भोकाचं माप सांगतात, २६ मिलिमीटर, ३० मिलिमीटर. लुकासच्या मॅग्नेटोवर के२एफ असेल तर दोन सिलिंडर, केव्हीएफ असेल तर व्ही-ट्विन. बुलेटच्या बाबतीत आणखी एक सोपी खूण आहे. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली, तेव्हा सुटे भाग विलायतेहून येत. लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ ची. तेव्हा एखाद्या विजेच्या भागावर हे जोडनाव असेल, आणि तो भाग साठच्या आधीच्या गाडीचा 'ओरिजिनल' म्हणून कोणी विकत असेल, तर आपण नमस्कार करून पुढच्या ताडपत्रीकडे जावं.

आकड्यांचं एक तत्त्व मात्र लक्षात ठेवण्याजोगं आहे. उठावाचा आकडा आणि ठोकलेला आकडा यांत फरक असतो. उठावाचा आकडा साच्यातून येतो, म्हणजे तो ओतीव मालाचा नंबर. त्याच एका ओतीव ठोकळ्यात वेगवेगळी भोकं पाडून कारखाना तीन मॉडेलांचे तीन भाग करायचा. ठोकलेला, खोलगट आकडा हा नंतर मारलेला, आणि तो जास्त बोलका. बीएसएच्या भागांना आकडी उपसर्ग असतात. ६६ ने सुरू होणारा भाग एम२० च्या घराण्यातला, ६७ चा ए१० च्या, ९० चा बँटमच्या. पण हा उपसर्ग सांगतो की भागाचं चित्र पहिल्यांदा कोणत्या गाडीसाठी काढलं. नंतर तोच भाग दहा वर्षं दुसऱ्या गाडीत बसत राहिला तरी नंबर बदलत नाही. ट्रायम्फची पद्धत मला जास्त आवडते. त्यांची अक्षरं काम सांगतात. ई म्हणजे इंजिन, टी गिअरबॉक्स, एफ फ्रेम, एच पुढचे फोर्क, डब्ल्यू चाक. पुढे अक्षरांच्या जागी आकडे आले, ई चे ७०, टी चे ५७, डब्ल्यू चे ३७. गाडी कोणती हे नंतर, आधी तुकडा शरीराच्या कोणत्या भागातला ते कळतं.

आणि एखाद्या भागावर बाणाचं छोटं टोक ठोकलेलं दिसलं, कोंबडीच्या पायाच्या ठशासारखं, तर तो ब्रिटिश सरकारी माल. दुसऱ्या महायुद्धात बीएसए एम२० सव्वा लाखाच्या वर बनल्या, नॉर्टन १६एच लाखाच्या आसपास. युद्ध संपल्यावर त्यांतल्या काही आपल्याकडे 'डिस्पोजल'मध्ये, म्हणजे लष्कराच्या नको असलेल्या मालाच्या विक्रीत, निघाल्या. आजोबांच्या पिढीने हा शब्द इतका वापरला की तो मराठीच झाला. डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचं ब्लँकेट, डिस्पोजलची फटफटी.

आता मापांकडे येऊ. मला सगळ्यांत जास्त रमायला होतं ते आट्यांत.

आपले फिटर अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 'अडीच सुती बोल्ट द्या' म्हटलं की दुकानदार ५/१६ इंचाचा बोल्ट काढतो. हा अडीच सुती बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाडीचा. मेट्रिकचा ८ मिलिमीटरचा बोल्ट त्याच्या शेजारी ठेवला तर फरक सहा शतांश मिलिमीटरचा. दोन्ही साठ वर्षं झिजलेले असले की व्हर्नियरही हात टेकतो. तेव्हा जाडी विसरायची आणि एका इंचात आटे किती ते मोजायचं. अठरा भरले तर व्हिटवर्थ किंवा युनिफाइडचा जाडा आटा. वीसच्या किंचित वर असले तर मेट्रिक. बावीस असले तर ब्रिटिश फाइन. चोवीस असले तर युनिफाइड फाइन. सव्वीस असले तर सायकल थ्रेड. दिसायला एकच बोल्ट, पण त्याला पाच-सहा कुळं.

ही कुळं कशी झाली त्यात शंभर वर्षांचा इतिहास आहे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं एकच माप असावं असा प्रस्ताव मांडला. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढला तर तो योगायोग. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. पण हा आटा यंत्रांसाठी, जाड लोखंडासाठी. सायकलवाल्यांची अडचण वेगळी. त्यांची नळी पातळ, तिच्यात खोल आटा पाडला तर नळीच कापली जायची. म्हणून १९०२ मध्ये सायकल इंजिनिअर्स इन्स्टिट्यूटने आपला बारीक, ६० अंशांचा आटा ठरवला. बीएसए, ट्रायम्फ, एन्फिल्ड ही सगळी मंडळी आधी सायकलवाली. त्यांनी सायकलला इंजिन लावलं तेव्हा सायकलचे आटेही सोबत आले आणि पुढे साठ वर्षं राहिले. युद्धात अमेरिकन नट ब्रिटिश बोल्टवर बसेना म्हणून १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून युनिफाइड आटा ठरवला, पण मोटारसायकलवाले त्याकडे साठच्या दशकात हळूहळू, कुरकुरत वळले. त्यामुळे त्या काळातल्या एकाच गाडीत दोन्ही घराणी नांदताना सापडतात. विजेच्या बारीक स्क्रूंचं तर तिसरंच प्रकरण. त्यांचा बीए आटा ब्रिटिश नावाचा, पण मोजला तर ० बीए बरोबर ६ मिलिमीटर जाड आणि १ मिलिमीटर अंतराचा. इंग्रजांनी मेट्रिकला मागच्या दाराने घरात घेतलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

नटांच्या डोक्यांवरूनही अंदाज येतो. व्हिटवर्थच्या पान्यावर १/४ लिहिलेलं असतं ते बोल्टच्या जाडीचं. पान्याचं तोंड असतं ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. आपल्या गॅरेजात असतो तेरा-चौदाचा पाना. तेराचा चढत नाही आणि चौदाचा घसरतो. घसरून घसरून नटाचे कोपरे गोल होतात. म्हणून बाजारातल्या तुकड्यावर गोल झालेले नट दिसले की मी आधी त्याला ब्रिटिश समजतो. ही शास्त्रशुद्ध पद्धत नाही, पण अजून तिने फारसं फसवलेलं नाही.

मापांनी मला फसवलं ते पिस्टनमध्ये. जुन्या बुलेट ३५० च्या सिलिंडरचं भोक ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. मॅचलेसच्या युद्धकाळातल्या जी३एलचं भोक ६९, स्ट्रोक ९३. बीएसए बी३१ चं भोक ७१, स्ट्रोक ८८. तिन्ही गाड्या साडेतीनशेच्या, तिन्हींची भोकं मिलिमीटर-मिलिमीटरच्या फरकाने. मला एक जुना पण न झिजलेला पिस्टन मिळाला. व्हर्नियर लावला, सत्तरला थोडा कमी. पिस्टन भोकापेक्षा किंचित लहान असतोच, तेव्हा हा बुलेटचा स्टँडर्ड पिस्टन, सोनं मिळालं, असं ठरवून विक्रेत्याने सांगितलेली किंमत न घासता दिली. घरी डोक्यावरचा कार्बन रॉकेलच्या फडक्याने पुसला, तर खाली ठोकलेलं दिसलं, ०४०.

ब्लॉक झिजला की तो मोठा करून घेतात आणि त्यात मोठा पिस्टन घालतात. पहिली पायरी वीस थाऊ, दुसरी चाळीस. मिस्त्री म्हणतात, 'ब्लॉक चाळीसवर गेलाय'. चाळीस थाऊ म्हणजे इंचाचे चाळीस हजारांश, मिलिमीटरमध्ये १.०१६. हा पिस्टन बुलेटचा चाळीसवरचा असता तर एकाहत्तर भरला असता. सत्तर भरतोय आणि वर ०४० आहे, तर मूळ भोक एकोणसत्तरचं. मॅचलेस जी३एल, किंवा तिची जुळी बहीण एजेएस १६एम. गंमत अशी की चाळीसवरचा बुलेटचा पिस्टन नव्या बी३१ चा म्हणूनही खपेल. तिन्ही गाड्या म्हातारपणी एकमेकींच्या तरुणपणाची मापं घालून हिंडतात. तेव्हापासून मी खिशात रॉकेलचं फडकं ठेवतो. आधी पुसायचं, मग मोजायचं.

दातेरी चक्राच्या बाबतीत हिशोब जास्त सरळ आहे. दाते मोजा, त्यात दोन मिळवा, आणि बाहेरच्या व्यासाला त्या संख्येने भागा. तीस दात्यांचं चक्र आहे, व्यास ८० मिलिमीटर भरला, तर ८० भागिले ३२ म्हणजे २.५. आकडा गोल आला, चक्र मेट्रिक, युरोपातलं किंवा जपानी. व्यास ८१.३ भरला तर उत्तर २.५४ येतं, आणि २.५४ दिसलं की समजायचं की इथे इंच लपलाय. तेच इंचात करून बघा, ३२ भागिले ३.२, बरोबर १०. दीड मिलिमीटरहून कमी फरकाने चक्र खंड बदलतं. चेनच्या चक्रावर मात्र हा प्रयोग करू नये. चेनचं अंतर जगभर इंचात मोजलं जातं, चेकोस्लोव्हाकियातल्या जावालाही अर्ध्या इंची चेनच होती.

धातूबद्दल थोडक्यात. चुंबक लावा. चिकटला तर बीड किंवा पोलाद, आणि ग्राइंडरला टेकवलं की बीडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर, पोलादाच्या लांब आणि फुलबाजीसारख्या. नाही चिकटला आणि हाताला हलका, तर अ‍ॅल्युमिनियम. नाही चिकटला आणि आकाराच्या मानाने जड, रंग करडा, तर जस्ताची मिश्रधातू, आणि मग तो कार्ब्युरेटरचा भाग असण्याची शक्यता पुष्कळ.

आता झीज. नाना पेठेतल्या एका बोळात एक उस्ताद आहेत. त्यांच्याकडे मी आकड्यांनी भरलेली वही घेऊन गेलो होतो. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही. तुकडा उन्हात धरून फिरवला आणि म्हणाले, "साहेब, आकडा नंतर वाचा. आधी चमक बघा. लोखंड जिथे चमकतंय तिथे त्याने काम केलंय."

तेवढ्या वाक्याने मला पुष्कळ शिकवलं. चक्राच्या दात्याची एकच बाजू चमकत असेल तर ते एकाच दिशेने ओढत होतं, आणि दिशाही कळली. भोकाभोवती गोल ठसा असेल तर तिथे वायसर बसायचा, आणि वायसरचं माप फुकट मिळालं. भोक गोलाऐवजी अंड्यासारखं झालं असेल तर जोर कुठून यायचा ते लांबट बाजू सांगते. निळसर झाक असेल तर तुकडा तापायचा. गंज आणि तेलाचा तपकिरी थर यांची सीमा तर अगदी नकाशासारखी असते. तेलकट तपकिरी भाग इंजिनाच्या आत होता, गंजका भाग बाहेर पावसात.

यातलं काहीही मॉडेल सांगत नाही. पण काम सांगतं, आणि काम कळलं की शोधायच्या गाड्या शंभरावरून पाचावर येतात. ओळखीच्या एका मुलाला एक वाकडी नळीसारखी लिव्हर मिळाली होती. तो ती गिअरची लिव्हर म्हणून शोधत होता, कारण टोकाला पायाने घासून गुळगुळीत झालेली जागा होती. मग लक्षात आलं की दुसऱ्या बाजूलाही पायाची झीज आहे, आणि ती जास्त खोल आहे, वरून जोराने दाबल्यासारखी. एकाच लिव्हरवर दोन वेगळ्या पायांचं काम कसं? जावाच्या मालकांना हसू येईल. जावात एकच लिव्हर गिअरचीही असते आणि किकचीही. आत दाबून वर फिरवली की किक, पुन्हा खाली आणली की गिअर. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावाने, आणि पुढे येझदी या नावाने, हीच युक्ती भारतभर फिरवली. त्या मुलाने नाव वाचलं नव्हतं, कारण नव्हतंच. झिजेने सांगितलं.

आता साठ रुपयांच्या त्या कांडीकडे. रॉकेलने पुसल्यावर मधल्या खाचेच्या एका बाजूला तपकिरी थर दिसला आणि दुसऱ्या बाजूला गंज. म्हणजे अर्धी इंजिनाच्या आत, अर्धी बाहेर, आणि खाचेत तेल अडवणारं काहीतरी. अर्ध्या कापलेल्या टोकाची एकच कड चमकत होती, तीही केसाएवढ्या रेषेत. पूर्ण गोल फिरणाऱ्या वस्तूची चमक सगळीकडून असते. ही कांडी थोडीशी वळायची आणि त्या कडेने कशाला तरी उचलायची. बाहेरच्या हाताच्या फटीत केबलचं निपल बसेल एवढी जागा, आणि फटीची एकच बाजू घासलेली. केबल ओढली की कांडी वळते, कड वर येते, आतलं काहीतरी उचललं जातं.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लिफ्टर. साडेतीनशे-पाचशेच्या एका मोठ्या सिलिंडरला किक मारणं ही ताकदीपेक्षा अकलेची गोष्ट होती. हँडलवरची छोटी लिव्हर दाबून व्हॉल्व्ह उचलायचा, दाब निघून गेला की पिस्टन टोकाच्या जरा पुढे न्यायचा, लिव्हर सोडायची, मग किक. हे न करता मारली की किक उलटी बसायची, आणि तिची खूण नडगीवर आयुष्यभर.

आटे मोजले. जाडी दोन सूत, इंचात सव्वीस. आणि इथेच घोडं अडलं. दोन सुती सव्वीसचा आटा ब्रिटिश फाइनमध्येही आहे आणि सायकल थ्रेडमध्येही. फरक फक्त कोनाचा, ५५ की ६०. आटे मोजायच्या गेजची दोन्ही पाती लावून उजेडात धरली. झिजलेल्या आट्यांवर दोन्ही सारखीच बसली, आणि दोन्हींखालून सारखाच उजेड दिसला.

कांडी आता एका पाकिटात आहे. पाकिटावर लिहिलंय: पोलाद. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लिफ्टर. चारस्ट्रोक, एक सिलिंडर. दोन सूत, २६ आटे, कोन ५५ किंवा ६०. आतल्या टोकाची कड झिजलेली, वापरण्याजोगी. त्याखाली 'गाडी' असं लिहून पुढे पेन्सिलीने: विक्रेत्याच्या मते बुलेट.